रोझारियाच्या चाकातली मळी

फिंच क्रॉसिंग,
मंगळवार, जेवणं उरकून

तीर्थरूप सावेरकाकांना,

फिलोमेनाचा कंबरेत वाकून नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण शेतकी प्रदर्शनाच्या दिवसापासून उजवा गुडघा वाकत नाही. तो का वाकत नाही, हे ओघाने येईलच.) तुमचा खोकला कसा आहे? तिकडे दक्षिणेला, होबार्टच्या थंडीत तुम्ही एकावर एक दोन बनियन घालता, असं तुमच्या लेकीने फोनवर सांगितलं. तीन घाला. लाज कसली त्यात? तिथे तुम्हाला ओळखतंय कोण! इकडे हिवाळा फक्त कॅलेंडरात आलाय. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी अंडं ठेवलं तर संध्याकाळी सोलून खाता येईल. ऊस उभा आहे, मिलचा भोंगा सुरू झालाय आणि तुमच्या लिंबाच्या झाडाला तर यंदा असा बहर आला की फांद्यांना टेकू द्यावे लागले. सोबत मुरंब्याची बरणी पाठवते आहे. आमचे हे मजेत आहेत. क्लाइव कधी मजेत नसतात ते मला एकवीस वर्षांत समजलेलं नाही, कारण दुःखातही त्यांचा चेहरा तसाच असतो.

पत्राचं कारण असं, की मर्लबाईंची बहीण तुमच्या लेकीच्या चर्चमध्ये येते. तेव्हा तुमच्या कानावर काहीबाही गेलंच असणार. फिलोमेनाने बैलाला दारू पाजली, फादरना बाटवलं, मंडप उडवला, वगैरे. यातली एकच गोष्ट खोटी आहे. मंडप उडाला नाही, फक्त भिजला. बाकीचं दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते. मी लावलेलं तिखटमीठ निदान घरचं असेल.

तुम्हाला तुमचा शब्द आठवत असेल. तुम्ही इथून निघायच्या आदल्या रविवारी, आपल्या अंगणात, सशाच्या रश्शाची तिसरी वाटी संपवून उभे राहिलात आणि चाळीस माणसांसमोर म्हणालात, "ट्रॅक्टर हा ओढण्यासाठी असतो, शोभेसाठी नाही. ही रोझारिया मी फिलोमेनाला देतोय. पण तीन प्रदर्शनांत ती गाडा ओढून पहिली आली नाही, तर शेडमध्ये गंजत ठेवू नका. मर्लच्या कमिटीला देऊन टाका, गावाच्या चौकात मांडू दे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मर्लबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्यांनी वही काढली. गावसुशोभन कमिटीच्या त्या अध्यक्ष. चौकातल्या गोलात काय ठेवावं या प्रश्नावर कमिटीने तोवर नऊ सभा घेतल्या होत्या. (एकदा सिमेंटचा ऊस ठेवला होता. तो लांबून काय वाटायचा हे तुमच्यासारख्या वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.) तुमचं वाक्य त्यांनी तारखेसकट इतिवृत्तात घेतलं. तेव्हापासून गेली दोन वर्षं भेटल्या की माझी नाही, रोझारियाची तब्येत विचारतात. मागच्या महिन्यात तर मोजमापाची फीत घेऊन आल्या. बॉनेटखाली जिरेनियम आणि सीटवर पेटुनिया, असा बेत आहे म्हणाल्या.

काका, त्या सीटवर मी नऊ वर्षांची असताना तुमच्या मांडीवर बसून क्लच शिकले. त्या सीटला पडलेला खळगा अर्धा तुमच्या बुडाचा आहे आणि अर्धा माझ्या. तिथे पेटुनिया!

पहिल्या दोन वर्षांची हकिगत तुम्हाला ठाऊकच आहे. गाडा जोडला, क्लच सोडला, की रोझारिया नाक वर करायची (तुमच्या सासूबाईंचं नाव तिला शोभतं) आणि मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची. तो वजनाचा गाडा जसजसा पुढे सरकेल तसतसा जड होत जातो, हे खरं; पण त्यासाठी आधी पुढे सरकावं लागतं. पहिल्या वर्षी आम्ही अकरा मीटर गेलो. दुसऱ्या वर्षी चार, आणि तेही बरेचसे खाली. शेजारचा डंकन पॉलसन कुंपणावर रेलून ओरडला, "फिलोमेना, पाणी लागलं की हाक मार गं, बादली घेऊन येतो!" सगळं मैदान हसलं. क्लाइवही हसले. नंतर म्हणाले खोकला आला होता.

यंदाच्या प्रदर्शनाला दोन आठवडे उरले असताना क्लाइव शेडमध्ये गेले आणि रोझारियाच्या मागच्या टायरवर पाना आपटून ऐकत बसले. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात ना, तसं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यांनी त्या आठवड्यातलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"पोकळ आहेत."

"काय पोकळ आहेत?"

"टायर. नुसती हवा. वजनासाठी पाणी भरलेलं असायला हवं. तुझ्या काकांच्या वेळी होतंच की."

मी कपाळावर हात मारला. अकरा वर्षं तुम्ही ओळीने जिंकलात, ते चाकांत पाणी होतं म्हणून! दोन वर्षं आम्ही इंजिन उघडलं, बेल्ट बदलले, डिझेल बदललं, फादर ओहॅन्लनकडून पवित्र पाणी आणून बॉनेटवर शिंपडलं. आणि पाणी हवं होतं ते चाकाच्या आत. (ते पाणी गेलं कुठे, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. नंतर पडला. त्याबद्दल खाली.)

आता सरळमार्गी माणसाने काय केलं असतं? नळाला पाइप लावून पाणी भरलं असतं. पण आमच्या ह्यांनी विचार केला. विचार करताना ते गुरांच्या कुंपणाशी उभे राहतात, आणि कुंपणाशी काय आहे? मळीची टाकी. मिलमधून आलेली, काळी, चकचकीत, अख्ख्या गावाच्या गुरांचा पौष्टिक खुराक. क्लाइवनी एक बादली पाण्याची आणि एक मळीची अशी दोन हातांत उचलून पाहिली. मळीकडचा खांदा खाली गेला. "दीडपट," ते म्हणाले. "जवळजवळ दीडपट जड." काका, त्यांच्या तोंडावर तेव्हा जे तेज आलं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मी विरोध केला असं तुम्हाला कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मीच फनेल शोधून आणलं.

चाक जॅकवर उचललं, व्हॉल्व्ह वर आणला, पिन काढली, आणि तणनाशक फवारायच्या पंपाने मळी आत ढकलायला सुरुवात केली. मळी निघाली मर्लबाईंच्या भाषणाच्या गतीने. तासाभरात दोन लिटर. या हिशेबाने चाक भरायला इस्टर उजाडला असता. तेव्हा क्लाइवनी तोडगा काढला: मळीत कोमट पाणी घालून पातळ करायची. निम्मं निम्मं. मग मात्र झरझर गेली. दोन्ही चाकं पाऊणपाऊण भरली, वर हवा भरली, पिना घट्ट बसवल्या, आणि आम्ही दोघं रोझारियाकडे बघत चहा प्यालो. ती जमिनीवर अशी बसली होती की तुमच्या सासूबाई दिवाणावर बसल्यासारखं वाटलं. कोण उठवतंय बघू!

आता काका, विचार करा. आमच्या ह्यांचे आजोबा उसाचे, वडील उसाचे. माझं माहेर उसाचं. या खोऱ्यात शाळेतल्या मुलालासुद्धा विचारा, मळीत कोमट पाणी घालून उबेला झाकून ठेवलं तर काय होतं? तो सांगेल, रम होते. ज्या कृतीवर आमचे पूर्वज पोसले, जिच्यापायी आपल्या पणजोबांना कोर्टात उभं राहावं लागलं, ती कृती आम्ही मन लावून, फनेल वापरून, काळ्या रबराच्या दोन बंद पिंपांत, पत्र्याच्या भट्टीत करून ठेवली आणि वर चहा प्यालो. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही वजनाचा विचार करत होतो.

खुणा होत्या, नाही असं नाही. चौथ्या दिवशी शेडमध्ये पावाच्या भट्टीसारखा वास यायला लागला. सहाव्या दिवशी मुंग्यांनी व्हॉल्व्हपर्यंत रस्ता बांधला (आपल्या रस्तेखात्याने येऊन शिकावं). आठव्या दिवशी मी कान लावला तर आतून बुडबुड आवाज. क्लाइव म्हणाले, "जिरतंय." दहाव्या दिवशी टायर असे टणक झाले की पाना आपटला तर पानाच उडून आला. क्लाइव म्हणाले, "हवा छान धरलीय." बाराव्या दिवशी प्रदर्शन होतं.

मैदानावर सगळं गाव होतं. एका बाजूला खाद्यपदार्थांचा मंडप, त्यात मर्लबाई नवी पांढरी हॅट घालून आपल्या भोपळ्याच्या स्कोन-पावांशेजारी उभ्या (गेली चौदा वर्षं त्यांना दुसरं बक्षीस मिळतं, आणि चौदा वर्षं त्या ते हसून स्वीकारतात, ते हसणं मी लहान मुलांना पाहू देत नाही). दुसऱ्या बाजूला गुरांचं संचलन, त्यात सगळ्यात पुढे डंकनचा वशिंडवाला बैल, सिनेटर. वजन नऊशे किलो, गळ्यात निळी फीत, चेहऱ्यावर भाव असा की सभागृह तहकूब करा. मधोमध गाड्याची धावपट्टी, आणि फीत घेऊन पंच म्हणून फादर ओहॅन्लन. कारण त्यांनी मोजलेल्या मीटरवर वाद घालायची कोणाची छाती नाही. डंकनने त्र्याऐंशी मीटर ओढून ठेवले होते. जाताना मला म्हणाला, "बादली आणलीये हं."

मी क्लच सोडला. काका, रोझारियाने नाक वर केलं नाही! चाकांनी माती धरली, गाडा कुरकुरला आणि आम्ही निघालो. वीस मीटर. चाळीस. लोक उठून उभे राहिले. मला तुमची आठवण आली, तुम्ही पन्नासाव्या मीटरला टोपी काढून हलवायचात. मी पन्नासाव्या मीटरला टोपी काढून हलवली. साठाव्या मीटरला डाव्या चाकाची पिन गेली.

गेली म्हणजे कशी गेली! बंदुकीसारखा आवाज झाला, पिन बँडवाल्यांच्या ढोलातून आरपार गेली, आणि मागोमाग बारा दिवस कोंडलेली ती मळी फेसाळत बाहेर आली. चाक फिरत होतं ना! भुईचक्र पेटवून अंगणात सोडावं, तशी ती पिचकारी गोल गोल फिरत सुटली. एका फेरीत फादर, दुसऱ्या फेरीत मंडप, तिसऱ्या फेरीत मर्लबाईंची हॅट, चौथ्या फेरीत गुरं. मी थांबायला हवं होतं असं लोक म्हणतात. लोकांना पुढे दिसत नव्हता तो त्र्याऐंशीचा झेंडा मला दिसत होता. मी डोळे पुसले आणि ॲक्सिलरेटर दाबला.

पण डावं चाक हलकं होत चाललं तशी पकड सुटत गेली. एकोणऐंशीला रोझारिया धापा टाकत थांबायला आली. आणि तेवढ्यात मागून सिनेटर आला. निळ्या फितीसकट, धरणाऱ्या माणसाला गवतावरून ओढत. त्याच्यामागे बाकीचं सभागृह. सिनेटर काही गाडा ढकलत नव्हता, हे मी शपथेवर सांगते. तो फक्त गाड्याच्या पाठीवरची मळी चाटत होता. पण नऊशे किलोचा बैल मनापासून चाटायला लागला की समोरची वस्तू पुढे जाते. खालची माती ओली, निसरडी. वर रोझारियाचा शेवटचा जोर. ऐंशी. ब्याऐंशी. डंकन कुंपणावरून ओरडत होता, "अरे सिनेटर, मागे हो! लेका, तू आमचा आहेस!" सिनेटरने एकदाही मान वळवली नाही. चौऱ्याऐंशीला आम्ही थांबलो.

मी आनंदाने सीटवरून उडी मारली आणि सरळ घसरत फादरच्या पायाशी गेले. (गुडघा.) फादर हलले नव्हते. नखशिखांत काळे होऊन, हातात फीत घेऊन उभे. तुम्हाला ठाऊक आहे, बावीस वर्षं त्यांनी दारूच्या थेंबाला स्पर्श केलेला नाही. त्यांनी हळूच ओठांवरून जीभ फिरवली. डोळे मिटले.

"फिलोमेना, पोरी," ते म्हणाले, "ही नुसती मळी नव्हे."

"मग काय आहे, फादर?"

त्यांनी पुन्हा एकदा, खात्री करून घेण्यापुरती, जीभ फिरवली. "बारा दिवस," ते म्हणाले. "अजून दोन ठेवायला हवी होतीस."

एवढं सौजन्य दाखवूनही त्यांनी मला बाद केलं. नियम सतरा: गाडा ओढताना कोणत्याही सजीवाची मदत घेता कामा नये. (हा नियम कोणाच्या भावांमुळे झाला, हे आपल्या घराण्यात कोणी काढत नाही, मीही काढत नाही.) पहिला नंबर डंकनला. तो बक्षीस घ्यायला गेला तेव्हा त्याचा बैल रोझारियाच्या चाकाला गाल लावून झोपला होता. गुरं उठवून घरी न्यायला संध्याकाळ झाली. दोन गायी तर हसत होत्या असं क्लाइव म्हणतात, आणि ते अतिशयोक्ती करणारे नाहीत.

म्हणजे काका, आम्ही तिसऱ्यांदा हरलो. तुमच्या शब्दाप्रमाणे रोझारिया चौकात जायची. मी घरी येऊन, मळकट कपड्यांनीच तिच्या सीटवर बसून थोडी रडले. थोडीच, चिकटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्लबाई आल्या. मला वाटलं, फीत घेऊन आल्या. तर त्या फाटकाशीच थांबल्या, कारण शेडपर्यंत येता येत नव्हतं. रोझारियावर तीन पोळ्यांच्या मधमाश्या, खोऱ्यातल्या यच्चयावत मुंग्या, कुंपण मोडून आलेल्या परक्यांच्या अकरा गायी, आणि सिनेटर. नळीने चार वेळा धुतली, तरी सांध्यासांध्यांतून गोड पाझरतच होतं. मर्लबाईंनी मनातल्या मनात चौकाचा हिशेब केला. हे सगळं चौकात, बँकेसमोर, शाळेच्या बसथांब्यासमोर. शेवटी म्हणाल्या, "कमिटी दुसरा विचार करेल म्हणते मी." मी चेहरा पाडून म्हटलं, "पण काकांचा शब्द..." त्या म्हणाल्या, "काकांना कळव, कमिटी त्यांची आभारी आहे, आणि नको."

जाताना मात्र त्या रेंगाळल्या. तुम्हाला सांगायचं राहिलं: तिसऱ्या फेरीत भिजलेले त्यांचे स्कोन परीक्षकांनी तसेच चाखले, आणि मर्लबाईंना चौदा वर्षांनी पहिलं बक्षीस मिळालं. शेरा होता, "वरचा थर धाडसी." तर त्या इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात म्हणाल्या, "फिलोमेना, उजव्या चाकातलं अजून आहे ना गं?" आणि पर्समधून झाकणाची किटली काढली.

असो. फार लांबलं. तुमच्या तब्येतीला जपा, बनियन वाढवा, लेकीशी भांडू नका. भांडायची हुक्की आली तर मला फोन करा, मी आहे. क्लाइवचा नमस्कार. मान हलवून केलाय, मी शब्दांत लिहिला.

तुमची,
फिलोमेना

ता. क. मर्लबाई तोंडाने नको म्हणाल्या, पण इतिवृत्तात तुमचा शब्द आहे, आणि कमिटीचा नियम असा, की देणगी देणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून परत घेतल्याशिवाय ती रद्द होत नाही. तेव्हा एकच ओळ हवी आहे: "मी माझा ट्रॅक्टर परत घेतो आणि तो फिलोमेनाकडेच राहील." खाली सही. कमिटीची सभा पुढच्या गुरुवारी आहे. खरं तर हे सगळं पत्र या एका ओळीसाठी. पण नुसती ओळ मागितली असती तर तुम्ही भाषण दिलं असतं, म्हणून आधी मी दिलं.

ता. क. २. तुम्ही शब्दाचे पक्के, "एकदा बोललो ते बोललो" म्हणाल, म्हणून नाइलाजाने लिहिते. चाकांतल्या पाण्याचं कोडं सुटलं. डंकनने कुंपणापलीकडून पाहिलं होतं, त्याला सगळं आठवतंय. तुम्ही जायच्या आदल्या दिवशी, म्हणजे ऐन त्या रविवारी पहाटे, रश्शाच्या आधी आणि भाषणाच्याही आधी, तुम्ही रोझारिया लिंबाखाली नेऊन उभी केली होतीत, आणि दोन्ही व्हॉल्व्ह खाली करून, टोपी डोळ्यांवर ओढून, तासभर शीळ घालत बसला होतात. तुमचा अकरा वर्षांचा विक्रम पुतणीने मोडू नये म्हणून ना? काका! मी रागावले नाही. तुमच्या जागी मीही हेच केलं असतं, फक्त शीळ घातली नसती. क्लाइवना सांगितलेलं नाही. ते तुम्हाला संत समजतात, आणि त्यांना बोलायला विषय देणं माझ्या हिताचं नाही. डंकनला मी गप्प बसवलंय. गुरुवारपर्यंत बसेल.

ता. क. ३. मुरंबा त्याच झाडाचा आहे. चांगला झालाय; त्या झाडाला एवढं पाणी एका वेळी कोणी कधी घातलं नव्हतं. तुमची ओळ लगेच टपालाने पाठवा, आणि बरणी रिकामी करून सप्टेंबरात स्वतःच घेऊन या. डावं चाक धुऊन तयार आहे, उजवं मर्लबाई किटलीकिटलीने रिकामं करताहेत. या वेळी साधं पाणीच भरू म्हणते, तेवढी पिन तुम्ही स्वतःच्या हाताने बसवा. मी जवळ उभी राहून बघणार आहे.